चाक आणि कासरा

दिव्यावर जळणाऱ्या धुळीचा वास आला की अकोल्याच्या प्रदर्शनातला मोटारीचा खेळ आठवतो. काचेआड रंगवलेला कापडी रस्ता सरकायचा आणि हातातल्या चाकानं पत्र्याची मोटार वळवायची. ती उशिरा वळे, म्हणून आमच्या गावातल्या वकिलांचा मुलगा सारखा रस्त्याकडेच्या झाडांवर आपटत होता. मी भाजीची बैलगाडी हाकणारी, वळणाआधीच कासरा ओढायची सवय. दोन फेऱ्या बिनचूक झाल्या, तिसरीनंतर विजेत्यांच्या पाटीवर माझं नाव लागणार होतं. तेवढ्यात वकिलांचा मुलगा ओरडला, "चाकाचा पट्टा ढिला आहे!" खेळवाल्यानं पट्टा आवळला. मोटार चाकासरशी वळली आणि मी थेट झाडावर. "पोरी, बैल हाकून राहिली काय?" खेळवाला हसला. आजही नातवाच्या मोबाइलवरच्या मोटारीच्या खेळात मी वळणाआधीच बोट फिरवते. तो विचारतो, "आजी, एवढी घाई काहून?" काय सांगू, माझे बैल अजून वळायचे आहेत.