कापलेला कोपरा

लहान मुलांचे कोट शिवणाऱ्या मास्तरांची ख्याती अशी, की त्यांनी कापलेल्या कापडाला दुसऱ्यांदा कात्री लावावी लागत नाही. एकतीस वर्षं एकाच टेबलावर कटिंग करून त्याची कड त्यांच्या पोटाने गुळगुळीत झाली आहे, असं त्यांची बायको म्हणते. त्या दुपारी टाचणी कागदाची गुंडाळी घेऊन त्याच टेबलापाशी आली.

टाचणी ही मास्तरांच्या उस्तादांची मुलगी. लहानपणी टेबलाखाली बसून लोहचुंबकाने टाचण्या वेचायची, म्हणून हे नाव. आता ती चाळिशीची आहे आणि कपड्यांचे पॅटर्न संगणकावर आखून त्यांच्या फाइली विकते. घेणाऱ्याने पॅटर्न मोठ्या कागदावर छापायचा आणि त्यावरून कापड कापायचं. फाइलला कुलूप असतं. शिवाय कागदाच्या कोपऱ्यात घेणाऱ्याचं नाव छापून येतं, म्हणजे नक्कल फिरली तर कुणाच्या हातून फिरली ते कळावं. त्या नावाशेजारी दहा सेंटिमीटरचा एक चौकोन असतो. तो टेपने मोजायचा. दहा भरला तर छपाई बरोबर.

मागच्या वर्षी तिचा कोटाचा पॅटर्न मास्तरांनी विकत घेतला. चौकोन मोजला, कोट शिवला, झकास बसला. त्याचा फोटो टेलर लोकांच्या ग्रुपवर टाकल्यावर विचारणा सुरू झाली. मास्तरांनी कागद कॉपीच्या दुकानात नेऊन स्कॅन करून घेतला आणि सगळ्यांना पाठवून दिला. स्कॅन करण्याआधी नावाचा कोपरा तेवढा कात्रीने उडवला. फाइल तर टाचणीकडे राहतेच, मग तिचं काय जातं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. ‘मास्तर म्हणजे दिलदार माणूस’ असे चाळीसेक निरोप आले. ते त्यांनी बायकोला मोठ्याने वाचून दाखवले होते.

“काका, नव्या पॅटर्नचे पाचच गेले,” टाचणी म्हणाली. “जुना कोट बाहीत आवळतो म्हणतात सगळे. कारखान्यात मापं तपासायची नोकरी मिळतेय, उद्या कळवायचंय. त्याआधी जुन्या कोटाचा हा कागद तुम्ही एकदा तपासा. आखणी माझीच चुकली असेल तर हा धंदा बंद करते.”

मास्तरांनी टेप लावला. दंड बरोबर, मुंढा बरोबर, चौकोन दहाला दहा. मोजता मोजता त्यांचा हात थांबला. ग्रुपवर बाहीची तक्रार आली होती, तेव्हा त्यांनी ‘शिवणीत थोडं सोडा’ एवढंच लिहिलं होतं. आखणी चोख आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण ते ठामपणे सांगायला गेलं तर कॉपी वाटल्याची गोष्ट टाचणीच्या कानावर जाईल, म्हणून ते गप्प बसले होते.

“तुझं काही चुकलेलं नाही,” ते म्हणाले.

“मग सगळ्यांचा कसा आवळतो? मी तर फक्त एकोणीस विकले.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पुसला.

“कॉपी मी वाटली. छापताना यंत्राने ती कागदात बसवायला थोडी लहान केली असणार. अंगात तेवढं खपतं, बाहीत नाही खपत.”

“चौकोन मोजला नाही कुणी?”

“चौकोन नव्हता. कोपरा मी कापला.”

“का?”

“तिथं माझं नाव होतं.”

टाचणीने कागदावरच्या चौकोनावर बोट ठेवलं. रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

“पहिला कागद निघायला दोन महिने जातात, काका. सात पोरांना कोट घालून बघितले मी. पुढचे कागद फुकटच निघतात, म्हणून तर किंमत एवढी कमी ठेवली. ऐंशी जणांनी घेतला तर माझे दोन महिने सुटतात. ग्रुपवर किती जण आहेत?”

“दोनशे दहा.”

“दोनशे दहा जण माझं माप चुकीचं म्हणतात होय.” तिने त्यांचाच फोन त्यांच्यापुढे सरकवला. “लिहा.”

मास्तरांनी एका बोटाने लिहिलं: कोटाचं माप अचूक आहे. चूक माझी. पॅटर्न विकत न घेता वाटला आणि मापाचा चौकोन कापून टाकला. ‘विकत न घेता’ त्यांनी खोडलं, कारण त्यांनी स्वतः घेतला होता. त्याजागी ‘न विचारता’ घातलं. टाचणी बघत होती. त्यांनी पाठवलं.

दोन मिनिटं काहीच आलं नाही. मग पहिलं उत्तर आलं, पलीकडच्या गल्लीतल्या शर्टवाल्याचं.

‘असं होय. मास्तर, मग नवीन पॅटर्न पण टाका ना. या वेळी कोपरा तेवढा ठेवा.’

मास्तरांनी फोन पालथा घातला, पण तिने वाचलं होतं. ती कागद गुंडाळू लागली, बापासारखीच, कड न मोडता.

“रबरबँड आहे का, काका?”

“नोकरीचं काय करतेस?” त्यांनी खण उघडत विचारलं.

“हो म्हणते,” ती म्हणाली.

रबरबँड वरच पडलं होतं. मास्तर तरी खणात खाली मान घालून शोधतच राहिले.