चिक्कडपल्लीहून आणलेलं मशीन

सिनेमा पडला की आमच्या घरी चूल उशिरा पेटायची. अप्पा, म्हणजे माझे वडील, उदगीरच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. मालकाचा व्यवहार साधा होता. गर्दी झाली तर पगार, नाही झाली तर पुढच्या शुक्रवारी बघू. बाकीच्या आया पोरं पास व्हावीत म्हणून उपास धरायच्या, माझी आई सिनेमा चालावा म्हणून धरायची. टॉकीजच्या मागे पत्र्याची एक खोली होती, तेच आमचं घर. मध्यांतरात विकायला आई भजी तळायची आणि मी कांदे चिरायचे. भिंतीपलीकडून हाणामारीचा आवाज वाढला की आई म्हणायची, "तेल तापव गं, आता होतंय इंटरव्हल." परीक्षेचा अभ्यासही मी त्याच आवाजात केला. शांततेत अजूनही मला नीट वाचता येत नाही.

अप्पांची केबिन वरच्या मजल्यावर होती. मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांच्या उजेडावर चित्र पडद्यावर जायचं. उन्हाळ्यात तिथे भट्टी व्हायची. अप्पा बनियनवर उभे असायचे आणि घरी आले की अंगाला जळका वास यायचा. तो वास आला की आम्ही जेवायला बसायचो.

मग रिळं यायची बंद झाली. सिनेमा आता डबीतून येतो, त्याला वेगळं मशीन लागतं, असं मालक म्हणाले. नवं मशीन घेणं त्यांच्याने झालं नाही आणि टॉकीजला कुलूप लागलं. अप्पा तेलाच्या गिरणीवर वॉचमन झाले. मी शिकत राहिले. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. आता गावातल्याच कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते.

यंदा जुन्या मालकांच्या मुलाने, रमेशशेठने, टॉकीज पुन्हा उघडायचं मनावर घेतलं. हैदराबादला चिक्कडपल्लीत एका थिएटरात नवं लेसरचं मशीन बसणार होतं आणि तिथलं चालू डिजिटल मशीन विकायचं होतं. ते पारखायला मी जावं असं ठरलं. मी म्हणाले, "जाते. पण ऑपरेटर अप्पाच पाहिजेत."

रमेशशेठ हसला. "ताई, अप्पांना कॉम्प्युटर कळतो का? असं करा, घेऊनच जा त्यांना. तिथला टेक्निशियन हो म्हणाला तर केबिन त्यांची. नाही म्हणाला तर नांदेडचा एक पोरगा बघून ठेवलाय मी."

म्हणून आम्ही दोघं निघालो. एका परक्या माणसाच्या होकारासाठी.

सकाळच्या एस.टी.त अप्पा इस्त्रीचं धोतर नेसून खिडकीशी बसले. बिदर मागे पडलं, लाल माती मागे पडली, जहीराबादला पाट्यांवरची अक्षरं कानडीची तेलुगू झाली. हैदराबादच्या वेशीवरच्या पटनचेरूपासून गाडी मुंगीसारखी सरकायला लागली तेव्हा अप्पा म्हणाले, "ह्या गावात लै टॉकीजा असत्यात म्हणं."

"असतात की."

"मग ऑपरेटरबी लै असत्याल. माझं काय बघणार ते?" एवढं बोलून पुन्हा बाहेर बघायला लागले.

इमलीबन बसस्थानकावर रिक्षावाल्याला नल्लकुंटा सांगितलं. तिथे माझी मावशी राहते. त्याने विचारलं, "बरकतपुरा की तरफ का, या विद्यानगर की तरफ का?" मला ठाऊक नव्हतं. अप्पा जोरात म्हणाले, "अंबरपेठ!" मावशी अंबरपेठेत राहायची ती लग्न झालं तेव्हा, मी जन्मायच्याही आधी. रिक्षावाल्याने आम्हाला इमानदारीत अंबरपेठेच्या बाजारात नेऊन उतरवलं. तिथे भेंडीच्या ढिगाशेजारी उभं राहून मी मावशीला फोन लावला. ती हसून हसून बेजार. "अप्पा अजून तीस वर्षं मागंच हैत का? तिथंच थांबा, कायकू घाबरता, मी काकांना पाठवते."

मावशीचं मराठी ऐकायला गोड आहे. निम्मं उदगीरचं, निम्मं इथलं. तिच्या घरी खट्टी दाळ (चिंच घातलेलं पातळ वरण), भात आणि गोंगुऱ्याची चटणी होती. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच. अप्पांनी चटणी तीनदा मागून घेतली आणि मावशीने ती माझ्या आईच्या चटणीपेक्षा चांगली झाल्याचं त्यांच्याकडून वदवून घेतलं.

"आईला सांगू का?" मी विचारलं.

"सांग की. ती तिकडं, मी हिकडं," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चिक्कडपल्ली. रस्त्याच्या कडेला मिरची भजी, जवळच क्रॉस रोड नावाच्या चौकातल्या सिनेमांची मोठमोठी कटआउट्स, त्यांच्या गळ्यात हार. अप्पांची चाल बदलली. सबंध प्रवासात माझ्या मागे चालणारा माणूस पुढे गेला आणि थिएटरच्या फाटकातून थेट जिन्याकडे वळला. कुठल्याही टॉकीजमध्ये केबिनचा जिना कुठे असतो ते त्यांच्या पायांनाच माहीत.

वर याकूबभाई भेटले, तिथले टेक्निशियन. अप्पांच्याच वयाचे, मेंदी लावलेली दाढी. अप्पांनी वाकून नमस्कार केला. याकूबभाईंनी त्यांचे हात धरले. "अरे चचा, ऑपरेटर ऑपरेटर कू सलाम करता क्या? आव, बैठो."

केबिनमध्ये पाऊल टाकलं आणि अप्पा थबकले. आत थंडगार होतं. मशीनला उष्णता चालत नाही म्हणून एसी लावलेला. मी शाल आणली नव्हती, अप्पांनी उपरणं कानाला गुंडाळलं. केबिनमध्ये थंडी वाजते, यावर त्यांचा विश्वास बसेना. आणि आवाज नाही. रिळाची ती टिकटिक नाही, एक पंखा तेवढा घुं करत होता. शो सुरू होता आणि मशीनजवळ कुणीच उभं नव्हतं.

"माणूस कुठाय?" अप्पांनी मला विचारलं.

"मशीन वेळ झाली की आपोआप सुरू होतं, अप्पा."

ते काचेच्या चौकोनाशी जाऊन उभे राहिले. खाली पडदा उजळलेला होता. चित्र एवढं स्वच्छ की एक ओरखडा नाही, एक केस नाही. बराच वेळ बघून म्हणाले, "पाऊस पडंना गं ह्याच्यात." जुन्या रिळांवर उभ्या रेघा यायच्या, त्यांना ते पाऊस म्हणायचे.

याकूबभाईंनी समजावलं. मी मराठीत सांगत गेले. सिनेमा एका हार्ड डिस्कमध्ये येतो, सर्व्हरवर उतरवून घ्यायचा. पण त्याला कुलूप असतं. किल्ली ईमेलने येते, ती ह्याच मशीनला लागते आणि ठरलेल्या तारखांपुरतीच चालते. अप्पांनी मान डोलावली. "म्हंजी पेटी आपल्याकडं, पण किल्ली कंपनीकडं. पहिल्यापास्नं तसंच हाय की."

याकूबभाई खूश झाले. त्यांनीही तरुणपणी रिळंच चालवली होती. "एक पिक्चर, दो टॉकीज," ते सांगायला लागले. एकाच सिनेमाची रिळं दोन थिएटरांत चालायची. इकडचं रीळ संपलं की सायकलला बांधून तिकडे पळवायचं. वाटेत मिरवणूक आडवी आली की तिकडचे लोक खुर्च्या तोडायचे. "क्या गाल्यां खाए चचा! मजा था."

"आमच्याकडं चपला फेकायचे," अप्पा म्हणाले, आणि दोघं म्हातारे एकमेकांच्या शिव्या आठवून हसत बसले.

मी मशीनचं बघत होते. दिवा किती तास जळलाय, भिंगं, सर्व्हर. सगळं चांगलं होतं. त्या दिवशी मला वाटलं, काम झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळचा शो सुटला. याकूबभाई आणि मी खाली इराणी चहाला गेलो. अप्पा वरच थांबतो म्हणाले. मशीनच्या किल्ल्यांचा जुडगा तिथेच राहिला होता, याकूबभाई मला मागच्या दारातून दिवा दाखवत होते ना. उस्मानिया बिस्किट चहात बुडवून आम्ही निवांत परतलो, तर मशीनवर लाल दिवा. बाजूचं दार उघडं. अप्पांच्या हातात जुन्या धोतराचं मऊ फडकं. चेहऱ्यावर समाधान.

"पुसून ठिवलं," ते म्हणाले. "दोन शोच्या मधी पुसायलाच पाहिजे."

खरंच होतं ते. रिळाच्या मशीनला दर शोआधी पुसावंच लागायचं, नाही तर धुळीचा कण पडद्यावर दोरखंडाएवढा दिसायचा. जन्मभर त्यांनी तेच केलं. पण ह्या मशीनचे दोन भाग एकमेकांना ओळखून असतात. चोरी होऊ नये म्हणून कंपनीने तसं बनवलंय. दिव्याचं दार उघडलेलं चालतं, पण बाजूचं हे दार उघडलं की ओळख मोडते, आणि मशीन एकही सिनेमा दाखवत नाही.

याकूबभाईंनी कपाळाला हात लावला. "क्या करे चचा तुम!"

खाली मॅटिनीचे लोक आत बसायला लागले होते. मॅनेजर रावगारू (गारू म्हणजे तेलुगूतलं साहेब) जिना चढून आले. तेलुगूत काहीतरी कडाडले, मग हिंदीत. "किसने खोला ये? पब्लिक अंदर है!"

मी तोंड उघडायच्या आत अप्पा पुढे झाले. "म्या उघडलं."

"कौन है ये बुड्ढा?"

"ये मेरे पिताजी हैं," मी म्हणाले. "ऑपरेटर हैं." आवाज चढला असेल माझा. पण ही गोष्ट उदगीरला कळली की संपलं. नांदेडचा पोरगा केबिनमध्ये बसणार आणि अप्पा परत गिरणीच्या फाटकावर.

याकूबभाईंनी मात्र आवाज खाली आणला. "चचा, सोच के बोलो. अंदर एक छोटा डब्बा है. वो तो नई खोले ना?" मला म्हणाले, तो डबा उघडला असेल तर त्यातली सगळी आठवण पुसली जाते. मग ते मशीन कंपनीकडेच जाणार. ना इथल्या कामाचं, ना तुमच्या.

मी अप्पांना विचारलं. ते चिडलेच. "त्येला सील हाय. सीलला हात लावीन का मी? रिळांच्या पेटीचं सील कंपनीचा माणूस असल्याबगर ऑपरेटर फोडत नसतो. एवढं कळतंय मला."

याकूबभाई वाकून आत बघून आले. सील जागेवर होतं. त्यांनी दार लावलं, कॉम्प्युटरपाशी बसले आणि पासवर्ड टाकला. दोन भागांची ओळख पुन्हा करून द्यायला एक माणूस स्क्रीनपाशी लागतो आणि एक मशीनपाशी, बटण दाबायला. मी पुढे झाले. ते म्हणाले, "तुम नक्को बेटा. चचा, बटन तुम दबाव."

तोवर खाली शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. कुणी ओरडत होतं, "बोम्म वेय्यरा!" (सिनेमा लाव रे!) मग सगळं थिएटरच ओरडायला लागलं. रावगारू घाम पुसत होते, त्या एसीत. अप्पांनी बटणावर बोट ठेवलं आणि कान काचेकडे केला. मी त्यांचा चेहरा बघितला. हसत होते. कितीतरी वर्षांनी लोक त्यांच्या नावाने बोंबलत होते.

"काय म्हणत्यात गं?"

"तुम्हाला शिव्या देतायत, अप्पा."

"देऊ दे की. देणारच. तिकीट काढलंय त्यांनी."

"दबाव!" याकूबभाई म्हणाले. अप्पांनी दाबलं. लाल दिवा गेला, हिरवा आला. पडदा उजळला आणि खालचा गलका एका दमात टाळ्यांत मिसळला. रावगारू खाली गेले. जाताना जिन्यावरून त्यांनी चहा वर पाठवायला सांगितल्याचं ऐकू आलं.

त्या शोभर अप्पा बसले नाहीत. याकूबभाई आणि मी खुर्च्यांत, ते काचेशी उभे. मध्यांतरालाही अप्पा खाली गेले नाहीत. पुढचे दोन दिवस याकूबभाईंनी त्यांना सगळं हाताने करायला लावलं. इंग्रजी येत नाही अप्पांना. पण हिरवा त्रिकोण म्हणजे सुरू, चौकोन म्हणजे थांब, हे ते माझ्यापेक्षा लवकर शिकले, कारण मी प्रत्येक अक्षर वाचत बसायचे. ईमेल आणि किल्ल्या मी बघायच्या, मशीन त्यांनी, अशी वाटणी आम्ही करून घेतली. शेवटच्या दिवशी मॅटिनी त्यांनी एकट्याने चालवली. याकूबभाई मागे हात बांधून उभे.

मग याकूबभाईंनी माझ्याच फोनवरून रमेशशेठला फोन केला. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

"मशीन अच्छा है, लेके जाव. हौ, चचा कू देखा मैं. एक बार मशीन बंद भी कर दिए इने, छुपाना क्यों." इथे मी एक पायरी वर चढले. "सुनो सेठ, आजकल के पोरां बटन दबाके नीचे मोबाइल देखते बैठतें. ये आदमी पूरा शो शीशे के पास खडा रैता. बटन दबाना मैं सिका दिया. खडे रहना किसकू सिकाऊं?"

रमेशशेठ काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. याकूबभाई वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "सेठ बोल रा, केबिन चचा की."

अप्पांना सांगितलं तेव्हा ते मशीनवर कापड घालत होते, बाहेरून. "बरं," एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने उपरण्याने डोळे पुसले आणि एसीने पाणी येतं म्हणाले.

मशीन टेम्पोत घालून आम्ही निघालो. अप्पा पुढे बसेनात. मागे, पेटीजवळ गोणपाटावर बसले. जहीराबादच्या पुढे ऊस लागला, बिदरचा किल्ला डावीकडे येऊन गेला. मधल्या जाळीतून मी त्यांच्याकडे बघत होते. जुनी केबिन परत येणार नाही, हे मला कळत होतं. रिळांची टिकटिक नाही, सायकलवरून रीळ पळवणारी माणसं नाहीत, पडद्यावरचा पाऊस नाही. हे मशीन निर्दोष आहे आणि त्याला कशाचाच वास नाही. ज्या मशीनने अप्पांना केबिनबाहेर काढलं त्याच जातीचं मशीन आणायला मी शिकले, याचं कधीकधी मला हसू येतं. पण टॉकीजमधला अंधार तोच आहे, आणि त्या अंधारात वर कुणीतरी जागं लागतं.

दिवाळीत उदगीरची आमची टॉकीज उघडली. पहिल्या शोचं बटण अप्पांनी दाबलं. आज ते तिथले ऑपरेटर आहेत.