समुद्रापर्यंतची होडी

नर्मदेकाठी धरमपुरीच्या घाटावर ते गृहस्थ मला एकदाच भेटले. काठाला बांधलेल्या नव्याकोऱ्या लाकडी होडीत एकटेच बसले होते. सत्तरीचे असावेत. मला वाटलं, नावाडी आहेत.

"भिया, एक चक्कर लगवाओगे?" मी तिकडच्या हिंदीत विचारलं.

"ही भाड्याची नव्हे," ते मराठीत म्हणाले. माझ्या बोलण्यावरून मी मराठी असल्याचं त्यांनी ओळखलं असावं. आम्ही दोघंही देवासचे निघालो, तेव्हा त्यांनी मला समोरच्या फळीवर बसवून घेतलं.

होडी त्यांनी इथल्याच सुताराकडून बांधून घेतली होती. "आमच्या मंडळींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. म्हटलं, नर्मदेतूनच हळूहळू भरूचपर्यंत, ती समुद्राला मिळते तिथवर जाऊ. वाटेतल्या धरणापाशी होडी ट्रकवर चढवायची, सगळं ठरलं होतं." बोलताना त्यांचा अंगठा होडीच्या कडेवरून सारखा फिरत होता. "हा निळा रंग त्यांनीच निवडला. तो सुकायच्या आत त्या गेल्या."

"मग तुम्ही तरी जाऊन या."

"एकदा निघालो होतो. काही दिसलं की सांगायला मान वळायची. अर्ध्या पात्रातून परत आलो."

दुःख ओसरतं, असं मी किती घरी सांगून आलो आहे. तिथं ते तोंडातून निघेना.

तेवढ्यात सहलीची मोटरबोट गाणी लावून जवळून गेली. लाटेनं होडी जोरात हलली. त्यांचा हात झटकन शेजारच्या रिकाम्या जागेवर गेला, कुणाला तरी सावरायला. पाणी शांत झालं, तरी त्यांनी तो उचलला नाही.