निरोगी गालाचा तुकडा

मंडळी, आज सकाळी धाकट्या भावाला, दत्तूला, तोंडाच्या कॅन्सरसाठी दाखवायला नेलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठीतल्या पेशी साखर वेगळ्या रीतीने वापरतात. गाठीच्या काढलेल्या तुकड्यातली रसायनं मोजून रोग लवकर ओळखता येईल का, ते आम्ही शोधतोय. तुलनेला निरोगी मांसही लागतं."

"मग माझ्या गालाचं घ्या की!" मी ऐटीत म्हणालो.

दत्तू कण्हतच हसला. "अण्णा, जर्दा मला तुम्हीच शिकवला, अन् तुमचा गाल निरोगी?"

बाईंनी माझ्या तोंडात बॅटरी मारली. "काका, इथं पांढरा चट्टा आहे. तुमचाही तुकडा घेऊ, पण तुलनेला नाही, तपासायला."

आता चिक्कडपल्लीला घरी बसलोय. बायको सारखी दत्तूचंच विचारतेय. तिला माझं कसं सांगू? तुम्ही कसं सांगितलं असतं?