बाटली चाखायला उज्जैनला

महाकालाच्या दर्शनाला माणसं उज्जैनला जातात, मंगळाच्या शांतीला जातात. मी गेलो तो वाइनची एक बाटली चाखायला.

बोलावणं साडू मुकुंदरावांचं. बँकेतली नोकरी त्यांना तीस वर्षांपूर्वी उज्जैनला घेऊन गेली आणि निवृत्तीनंतरही ते तिथेच राहिले. त्यांच्या मृणालचं लग्न ठरलं होतं. मुलाचे वडील बापूसाहेब उज्जैनमधलेच, टाइल्सचे मोठे व्यापारी. त्यांचे पूर्वज दरबारात कारकून होते, पण बापूसाहेबांच्या बोलण्यात ते दर बैठकीला एकेक हुद्दा वर चढत. आता त्यांनी काढलं होतं की, स्वागतसमारंभ इंदूरच्या मोठ्या हॉटेलात व्हावा आणि पाहुण्यांना वाइन द्यावी. तीही साधी नाही, त्यांच्या दिवाणखान्यात आहे तीच परदेशी कॅबर्ने. बाटली अठ्ठावीस हजारांची. खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा करायचा.

"तुम्ही नाशिकचे, तुम्हाला यातलं कळतं," मुकुंदराव फोनवर म्हणाले. "येऊन जा, चाखून घ्या, आणि सांगून द्या की एवढ्या किमतीची नाहीये म्हणून. मी मुलीचा बाप पडलो, माझ्याकडून नाही बोलणं होणार."

वाइनमधलं मला किती कळतं? पंचवीस वर्षं मी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होतो. 'बाटली आडवी ठेवा, उन्हापासून जपा' ही अक्षरं खोक्यांवर सरळ छापली जातात की नाही, हे पाहणं माझं काम. आतला माल मी चार-दोन लग्नांत घेतला आणि तोंडाची चव घालवायला प्रत्येक वेळी वर आइस्क्रीम खाल्लं. पण तज्ज्ञ म्हणून कोणी बोलावलं की 'मी तज्ज्ञ नाही' हे शब्द घशातच राहतात. इंदूरच्या बसचं तिकीट काढलं.

सेंधव्याच्या घाटात बसचा एसी बंद पडला. इंदूरला बस बदलून सकाळी उज्जैनच्या देवास गेट स्टँडला उतरलो तेव्हा मी स्वतःच पुरेसा मुरलो होतो. स्टँडसमोर पोहे-जिलबी खाल्ली. पोह्यांवर शेव आणि बडीशेपेचा वास, सोबत गरम जिलबी. हा पदार्थ किमतीला योग्य आहे का, असं तिथे कोणी कोणाला विचारत नव्हतं.

रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "दर्शन करने आए हो, बाबूजी?"

"नहीं, वाइन चखने."

त्यानं मला पुन्हा एकदा न्याहाळलं. "तो भेरूजी के यहाँ जाओ. वहाँ तो भगवान चखते हैं."

दुपारी मेव्हणीनं दाल-बाफले (उकडून मग भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) वाढले. तीन बाफल्यांनंतर माणूस निवाडा करण्याच्या लायकीचा राहत नाही, म्हणून मुकुंदराव मला पाय मोकळे करायला भैरवगढला घेऊन गेले. विहीणबाईंसाठी त्यांना छापाची चादर घ्यायची होती. एका कारखान्यात एक म्हातारे कारागीर लाकडी ठप्पा रंगात बुडवून कापडावर टेकवत होते आणि वर मुठीनं एक ठोका देत होते. मुकुंदरावांनी चादर निवडली, किंमत विचारली आणि लगेच ओशाळले. "अठ्ठावीस हजारांच्या समोर ही कशी दिसेल हो?" ते मला म्हणाले. त्या क्षणी मला बापूसाहेबांचा खरोखर राग आला. मनाशी ठरवलं, संध्याकाळी स्पष्ट बोलायचं.

जवळच काळभैरवाचं देऊळ. रांगेतल्या लोकांच्या हातांत फुलं, नारळ आणि दारूच्या छोट्या बाटल्या. पुजारी बशीत दारू ओततात, देवाच्या ओठांना लावतात आणि बशी रिकामी होते. उरलेली बाटली भक्ताला प्रसाद म्हणून परत. मी बराच वेळ पाहत उभा होतो. देवानं एकाही बाटलीचं साल विचारलं नाही.

सहाला आम्ही चौघं, म्हणजे मी, मुकुंदराव, मेव्हणी आणि मृणाल, बापूसाहेबांकडे पोचलो. मे महिन्याचं ऊन खिडकीतून थेट काचेच्या कपाटावर आलं होतं. कपाटात मधोमध, उभी, बाटली! तिच्या डोक्यावर एक छोटा दिवाही लावलेला. खोक्यावरच्या दोन्ही सूचना माझ्या डोळ्यांसमोर छापून आल्या.

"तीन वर्षं झाली," बापूसाहेब अभिमानानं म्हणाले. "रोज माझ्या हातानं पुसतो. आज तुमच्यासाठी खोलतोय, नाशिककर!"

बूच वाळून गेलं होतं. स्क्रू फिरवताच त्याचा भुगा आत पडला. बापूसाहेबांच्या पत्नी सुमनताईंनी शांतपणे चहाची गाळणी आणून दिली. अशा रीतीनं अठ्ठावीस हजारांची कॅबर्ने गाळणीतून पेल्यांत उतरली.

"आधी तिला श्वास घेऊ द्या," बापूसाहेबांनी बजावलं. मग पेला गोल फिरवून नाक आत घातलं. "जांभूळ. जुनं चामडं. थोडं चंदन."

मी घोट घेतला. जीभ आकसली, कानशिलं ताठ झाली. लोणच्याच्या बरणीच्या तळाशी उरतं तसलं काहीतरी होतं ते. सगळे माझ्याकडे पाहत होते. मुकुंदराव तर श्वास रोखून. मी तोंड उघडलं आणि माझ्या कानांनी ऐकलं, "भारदस्त आहे."

"पैसे वसूल ना?" बापूसाहेबांनी विचारलं.

"हो. वसूल आहे."

"स्मूथ," नवरा मुलगा सौरभही पहिला घोट घेऊन म्हणाला.

मुकुंदरावांनी मान खाली घातली. बापूसाहेब हॉटेलवाल्याला फोन लावायला उठले. तेवढ्यात मृणालनं पेला खाली ठेवला. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

"काका, ही आंबली आहे," ती बापूसाहेबांना म्हणाली. "व्हिनेगर झालंय हिचं."

"मृणाल!" मेव्हणी दबक्या आवाजात ओरडली.

"अगं, मावसाजींनी (मावशीच्या यजमानांनी) आत्ताच सांगितलं ना?" बापूसाहेब हसले, पण डोळे हसत नव्हते. "नाशिकचे आहेत ते."

मृणालनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती वळली नवऱ्या मुलाकडे. "सौरभ, तू सांग."

सौरभनं मघाशी पहिल्या घोटाला 'स्मूथ' म्हटलं होतं. त्यानं वडिलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हे लग्न कसं होईल याचा फैसला त्या पेल्यात होता, आणि हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्यानं दुसरा घोट घेतला. पेला वडिलांच्या पुढ्यात ठेवला.

"बाबा, सिरकाच आहे हा. मी मघाशी खोटं बोललो."

बापूसाहेब खाली बसले. बाटलीवरचा कागद अंगठ्यानं गुळगुळीत करू लागले. "मी कधी पिऊनच नाही पाहिली," ते म्हणाले. "लोक यायचे, बघायचे, भाव विचारायचे. मला वाटलं, वस्तू चांगली असणारच."

"चांगली असेलही तेव्हा," मृणाल म्हणाली. "आता कोणाला कळणार?"

सुमनताईंनी पेले उचलले आणि आतून आमरस आला. सगळ्यांनी वाटीमागून वाटी संपवली. निघताना मुकुंदरावांनी चादर पुढे केली. सुमनताईंनी ती तिथेच सोफ्यावर उलगडली, हात फिरवला आणि म्हणाल्या, "समारंभ इथेच करू या. बाफल्यांचा."

बापूसाहेबांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुकुंदराव मला देवास गेटला सोडायला आले. बस सुटेपर्यंत इकडचं तिकडचं बोलले. मग खिडकीशी येऊन अगदी प्रेमानं म्हणाले, "साडूभाऊ, मला दुसरी मुलगी असती ना, तर तिच्या वेळी तुम्हाला नसतं बोलावलं."

घरी पोचल्यावर बायकोनं विचारलं, "मग? होती का एवढ्या किमतीची?"

"आंबलेली होती. पहिल्याच घोटाला कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

मी म्हणालो, आकडा ऐकला की जीभ दबते माणसाची. हे उत्तर मला प्रवासभर पटत आलं होतं. पण तिच्यासमोर ते उच्चारताच लक्षात आलं, मृणालनंही तोच आकडा ऐकला होता.