फ्रिजवरचं चुंबक आणि पांढरं चाक
बाथरूम धुवायच्या अ‍ॅसिडचा वास आला की मला अजून ती दुपार आठवते. दुबईहून येणाऱ्या भाईसाठी अब्बा त्याची लाडकी गाडी धूत होते. चकचकीत चाकं क्रोम चढवलेल्या लोखंडाची समजून त्यांनी अ‍ॅसिड ओतलं आणि पहिलंच चाक फसफसून पांढरं पडलं. मी फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं, ते चिकटेना. “अ‍ॅल्युमिनियम आहे, अब्बा.” एवढ्यात भाईचा फोन, खांदा कॉलनीपर्यंत पोचलोय, दहा मिनिटांत घरी! अब्बा फाटकापर्यंत जात, परत येऊन तेच चाक पुसत. भाईने आल्या आल्या चाक बघितलं, मग अब्बांचा चेहरा. “चकाकी काढून मॅट केलंत? मला तसंच हवं होतं,” म्हणत तो प्रवासाच्या कपड्यांतच उरलेली तिन्ही चाकंही अ‍ॅसिडने घासून तशीच पांढरी करायला बसला. डोळ्यांत पाणी अ‍ॅसिडमुळे आलं, असं तो आजही सांगतो.