पितळी तांब्या

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलं, पण पोटाचा भरवसा राहिला नाही, म्हणून नातीच्या लग्नाला येत नाही, असं मी कळवून टाकलं. आज माळ्यावरचा पितळी तांब्या हाती लागला. निजामाच्या अमलात बहिणीच्या लग्नासाठी आम्ही बैलगाडीनं अणदूरहून मुरुमला निघालो होतो. वडिलांना संग्रहणी, जुलाब थांबत नव्हते. काका म्हणाले, "दादा, तुमी घरीच ऱ्हावा. कन्यादान म्या करतो." वडील फेटा बांधत म्हणाले, "लेक माझी हाय. अन् कन्यादानाला उपासच धरायचा असतो, पोट रिकामंच ऱ्हाईल." उन्हात गाडी नऊदा थांबली. दर वेळी ते हा तांब्या घेऊन फेट्यासकट बाभळीआड जात आणि ताठ मानेनं परत येत. अक्षता वेळेवर पडल्या. आज मी तोच तांब्या चिंचेनं घासून पिशवीत ठेवला आणि नातीला फोन लावला, "गाडी वाटेत थांबंल, पण मी येतोय."